आजोबांची बिननावाची रायफल

“कंपनी?”

“माहीत नाही.”

“नंबर?”

“नाही.”

“नाही म्हणजे माहीत नाही, की नाहीच?”

“नाहीच, साहेब.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. आधी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेवटी टेबलावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या त्या लांबुळक्या वस्तूकडे. “अहो, स्कूटरला नंबर असतो, गॅसच्या सिलिंडरला असतो. रायफलला नंबर नाही असं कसं चालेल?” त्यांचं काही चुकत नव्हतं. आम्ही आजोबांचा दहावा-तेरावा उरकून, सुतकी चेहऱ्याने, कायद्याप्रमाणे त्यांचं हत्यार जमा करायला गेलो होतो. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही. पोलिसांकडे किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करावं लागतं. पावती मिळाली, पण तिच्यावर ‘कंपनीचे नाव व क्रमांक दिसून येत नाही’ असं लिहिलेलं होतं. त्या एका वाक्याने पुढचं दीड वर्ष आमच्या घराची झोप उडवली.

आमचं घर धाटावला. रोहा स्टेशनला उतरून कुंडलिका ओलांडली की एमआयडीसीच्या चिमण्या दिसतात, ते धाटाव. हॉस्टेलवर मी गावाचं नाव सांगितलं की केमिकलवाले लगेच “इंडस्ट्रियल व्हिजिट!” म्हणून ओरडतात. त्यांना सांगून खरं वाटणार नाही, पण आजोबांच्या तरुणपणी तिथे कारखाना नव्हता, भातशेती होती. डोंगराच्या अंगाने जंगल होतं आणि त्या जंगलातून रात्री रानडुकरं शेतात उतरायची. पलीकडे मुरूडच्या बाजूला जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. तेच आज फणसाड अभयारण्य म्हणून ओळखलं जातं (१९८६ पासून). शेकरू बघायला आता तिथे सहली जातात.

आजोबा शिकारी म्हणवून घेत नसत. त्यांचं काम हाक्याचं आणि वाट दाखवण्याचं. मुंबईहून शेठ लोक शिकारीला यायचे, त्यांच्याबरोबर ते रानात जायचे. त्यांच्याकडे रायफल आली ती १९५६ साली. जुन्या परवान्यावर तेच साल आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. त्यानंतर आजोबांनी तिच्यातून एकही गोळी झाडली नाही, असं आजी सांगते. पण परवाना त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. दर मुदतीला नूतनीकरण, दर निवडणुकीला जमा करणं आणि निकालानंतर परत आणणं, हे सगळं एखाद्या व्रतासारखं चालायचं. ठाण्यातून परत येताना गोणपाटातली ती वस्तू खांद्यावर टाकून ते भर बाजारपेठेतून चालत यायचे. त्यामुळे गावात लहानथोर सगळ्यांना ती ठाऊक होती, आणि तिच्यावर नाव नाही हेही.

जिला नाव नाही तिची कहाणी गावच तयार करतं. आमच्याकडे दोन कहाण्या होत्या. पहिली, नवाबाने आजोबांच्या धाडसावर खूश होऊन ती बक्षीस दिली. ही कहाणी आमच्या घरच्या पोरांची. दुसरी, १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं त्या धामधुमीत शिकारखान्यातली हत्यारं इकडेतिकडे झाली, त्यातली ही एक, आणि ओळख पटू नये म्हणून आजोबांनी कानशीने नंबर घासून टाकला. ही कहाणी आमच्या घरासमोरच्या ओटीवरची. आजोबांच्या तोंडावर कुणी बोललं नाही. पण आजीच्या कानावर ती गेली होती, तीही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी, विहिरीवर. तेव्हापासून ती आमच्या घरात होती, फक्त कुणी तिचा उच्चार करत नव्हतं.

आता पावतीवर तेच लिहून आलं. काका वारस म्हणून अर्ज करायला एका कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. मीही नंतर ते वाचलं, कारण आमच्या घरात इंग्रजी वाचायचं काम माझ्याकडे. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ८. हत्यारावरचं नाव, नंबर किंवा ओळखखूण पुसणं, बदलणं गुन्हा. ज्याच्यावर अशी खूण नाही ते विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आणि खरी मेख पुढे आहे. ज्याच्या ताब्यात असं बिनखुणेचं हत्यार सापडेल, त्यानेच खूण पुसली असं गृहीत धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. कायदा १ ऑक्टोबर १९६२ ला लागू झाला तेव्हा आधीपासून अशी हत्यारं बाळगणाऱ्यांना एक वर्षाची सवलत होती. ते वर्ष कधीच सरलं.

म्हणजे समोरच्या ओटीवरची कहाणी आणि भारत सरकारचा कायदा एकाच बाजूला उभे होते. मग जुन्या परवान्यावर इतकी वर्षं नूतनीकरण कसं झालं? त्याचं उत्तर परवाना कॉम्प्युटरवर चढवला त्या दिवशीच्या कागदात सापडलं. क्रमांकाचा रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकत नाही, म्हणून कुणीतरी भल्या माणसाने चार शून्यं टाकून दिली होती. आपण नाही का व्हायवाच्या आदल्या रात्री जर्नलमधली रीडिंग्ज टाकत? तसंच.

काका म्हणाले, “सरळ सरकारजमा करून टाकू. कटकट नको.” मला पटलं. व्यवहाराने तेच बरोबर होतं. रायफल ठेवून आम्ही करणार काय होतो? पण आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “जमा करा नायतर नदीत टाका. पन आधी ती कुठनं आली त्याचा छडा लावा. हे गेले, मी पन जाईन. मग लोक बोलतील ते खरं.” आणि माझ्याकडे बघून, “तू विंजिनेर व्हतोयस ना?”

मित्रांनो, सेमिस्टर पाचमध्ये दोन केटी असलेल्या माणसाला हे वाक्य किती लागतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला माझ्याकडे रायफल नव्हती, ती ठाण्यात होती. फक्त परवान्यावरची एक ओळ होती: ‘मॅगझिन रायफल, ९.३ एमएम, मेकर नील, नंबर नील’. रूममेट म्हणाला, “हा नील कोण? त्याचीच असेल.” असो.

पण त्या ओळीतही बरंच काही होतं. कोकणात बिननावाच्या बंदुका नवीन नाहीत. शेतीच्या राखणीला ठासणीची बंदूक असायची. समोरून दारू आणि छरे भरून गजाने ठासायचे आणि उडवायचे. कायद्यातही पीकसंरक्षणासाठी या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. तशी बंदूक गावाकडच्या कारागिराच्या हातची असू शकते आणि तिच्यावर नाव नसलं तर कुणाला नवल वाटत नाही. आमची मात्र रायफल होती. रायफल म्हणजे नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. पाठीमागे बोल्ट, पोटात मॅगझिन. अशी वस्तू भात्यावर बसून होत नाही. वर्कशॉपमध्ये साधा इंटर्नल थ्रेड कापताना आपली काय अवस्था होते ते आठवा, आणि मग साठ सेंटिमीटर लांब नळीच्या आत समान पिचचे आटे कापायचे म्हणजे काय याचा विचार करा.

दुसरं म्हणजे ते ९.३ एमएम. इंग्रज बंदूकवाल्यांचं माप इंचात असायचं: .२७५, .३७५, .४७०. त्यातही हिंदुस्थानचा एक वेगळा घोळ होता. लष्करी मापाची काडतुसं लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने .३०३ आणि .४५० ही मापं खासगी रायफलींना बंद केली. .४५० वर बंदी आल्यावर (१९०७ च्या सुमारास) इंग्रज कारखानदारांनी मुद्दाम .४६५, .४७० अशी अडनिडी मापं काढली. आपल्याकडच्या ईशापूरच्या कारखान्यात .३१५ ची शिकारी रायफल बनत आली, तिच्या त्या विचित्र मापामागेही हेच कारण. मिलिमीटरमधलं ९.३ हे माप मात्र इंग्लंडचं नव्हे, ते जर्मनीचं. बर्लिनच्या ओट्टो बॉक नावाच्या बंदूकवाल्याने १९०५ मध्ये ९.३×६२ हे काडतूस काढलं. पहिला आकडा गोळीचा व्यास, दुसरा काडतुसाच्या पितळी नळीची लांबी. ते साध्या माउझर रायफलीच्या यंत्रणेत बसेल अशा बेताने केलेलं होतं, म्हणून महागड्या इंग्लिश रायफली न परवडणाऱ्यांनी ते उचलून धरलं.

म्हणजे लायब्ररीत बसल्या जागी मी समुद्र ओलांडला. पण चोरी झाली की नाही, या मुख्य प्रश्नाला अजून हात लागला नव्हता.

तिथे मटेरियल सायन्सच्या मॅडम उपयोगी पडल्या. मी प्रश्न जरा आडवळणाने विचारला. मॅडम, स्टीलवर पंच केलेला नंबर कानशीने घासला तर तो कायमचा जातो का? मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “कुणाची बाईक आहे?” मग मी सगळं खरं सांगितलं. त्या हसल्या आणि फळ्यावर गेल्या. पंच मारतो तेव्हा दिसणाऱ्या खड्ड्याच्या खालीही धातू दबला जातो, त्याचे कण विस्कटतात. वरचा खड्डा घासून सपाट केला तरी खालचा विस्कटलेला भाग शिल्लक राहतो आणि ॲसिडला तो आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळा प्रतिसाद देतो. फॉरेन्सिक लॅबमध्ये असे घासलेले नंबर पुन्हा उठवतात. आपण स्पेसिमेन पॉलिश करून नायटल लावतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ग्रेन बाउंडरी बघतो ना, त्याच जातकुळीचा प्रकार. तो प्रयोग मी सेकंड इयरला शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवला होता, याचा त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. शेवटी मॅडम म्हणाल्या, “ते काम लॅबचं. तू काही लावू नकोस, घासू नकोस. फक्त बघ. आणि काय काय नाही, तेही लिहून ठेव.”

शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढे तेच कामी आलं.

दरम्यान नंबर या गोष्टीचं महत्त्व सांगणारी एक गोष्ट वाचनात आली. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा नंबर होता आणि कंपनीच्या वहीत त्याची नोंद होती. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षांनी, कुठेही एखादं पिस्तूल सापडलं की ते त्या पेटीतलंच, हे पोलिसांना कळायचं. चोरीचा माल चोरीचा आहे हे नंबरावरून सिद्ध होतं, तर तो तसा नाही हेही नंबरावरूनच सिद्ध व्हायचं. आमच्याकडे नेमका तोच नव्हता.

परवानगीचे कागद फिरवण्यात सात-आठ महिने गेले. त्याचं वर्णन करत नाही, ज्याने हॉस्टेलचं डिपॉझिट परत मिळवलंय त्याला कल्पना येईल. शेवटी रायफल ठाण्यातून मुंबईतल्या एका जुन्या परवानाधारक दुकानात जमा झाली, तिथे तपासणी करून लेखी टिपण द्यायचं ठरलं. काका आणि मी सकाळच्या गाडीने गेलो. दुकान म्हणजे एक अंधारी खोली. मागच्या बाजूला एक पाट्या-पाट्यांचं टेबल, त्याच्यावर व्हाइस, आणि टेबलामागे सत्तरीचे मिस्त्री. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो.

चाचांनी रायफल हातात घेतली, आधी रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट एकदा मागेपुढे केला आणि डोळे मिटून त्याचा आवाज ऐकला. “माउझर,” म्हणाले. “अठ्ठ्याण्णवची.” म्हणजे १८९८ चं मॉडेल. मी नाव शोधायला लागलो तर म्हणाले, “नाव कशाला बघतोस? हा नखासारखा लांब पत्रा बघ, काडतूस पकडून ओढणारा. आणि बोल्टला पुढे दोन कान आहेत ना, तसा मागे तिसरा आहे, तो बघ. पुढचे दोन तुटले तर माणसाचं तोंड वाचावं म्हणून.” फॅक्टर ऑफ सेफ्टीवर मी आजवर ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं लेक्चर.

बाहेरून खरोखर एक अक्षर नव्हतं. नळी काळीभोर गुळगुळीत, दस्ता अक्रोडाचा, त्यावर बारीक चौकटींची नक्षी. चाचांनी खालचे दोन स्क्रू सोडवले आणि नळी दस्त्यातून वर उचलली, साच्यातून गणपती उचलावा तशी, दोन्ही हातांनी. मग ती उलटी केली.

काका म्हणाले, “अरे!”

नळीच्या पोटाला, जिथे सत्तर वर्षं कुणाची नजर गेली नव्हती तिथे, शिक्क्यांची ओळच होती. बारीक मुकुट आणि त्याखाली एक अक्षर, पुन्हा मुकुट, पुन्हा अक्षर. चाचांनी भिंग माझ्या हातात दिलं. बी, यू, जी, एन. ही जर्मनीतल्या सरकारी चाचणीची अक्षरं. बी म्हणजे जादा दाबाची गोळी उडवून चाचणी केली, यू म्हणजे नंतर तपासलं, जी म्हणजे नळीला आटे आहेत, एन म्हणजे धूर न करणाऱ्या आधुनिक दारूसाठी चालेल. त्यांच्याकडे १८९१ च्या कायद्याने असे शिक्के सक्तीचे झाले होते. पुढे ‘१८,५ जी’. मी पहिल्यांदा ते अठरा आणि पाच असे दोन वेगळे आकडे म्हणून टिपले. चाचांनी कपाळाला हात लावला. तिकडे दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. साडेअठरा ग्रॅम, गोळीचं वजन. आणि शेवटी ‘८.२७’. इथे मात्र टिंब होतं, आणि ते दशांशचिन्ह नव्हतं. चाचणीचा महिना आणि साल: ऑगस्ट १९२७.

त्याच्या शेजारी चार आकडी नंबर. तोच नंबर आतल्या बाजूला रिसीव्हरवरही. (नंबर इथे देत नाही, प्रकरण अजून कार्यालयात आहे.)

मला वाटलं, झालं, संपलं. काकांनी तर घरी फोन लावायला मोबाईल काढला. पण चाचा नळी उजेडाकडे तिरकी धरून बघत होते. “थांबा,” म्हणाले. “इथे घासलंय.”

नळी जिथे यंत्रणेत बसते ती जाड गोल रिंग. तिचा माथा आणि डावं अंग अगदी किंचित सपाट होतं. बोट फिरवलं तर कळत नव्हतं, तिरक्या उजेडात मात्र दिसत होतं. चाचांनी शांतपणे सांगितलं. जर्मन सैन्याच्या माउझरवर रिंगच्या माथ्यावर कारखाना आणि साल असतं आणि डाव्या अंगाला नंबर. इथून कुणीतरी ते काढलंय.

काकांनी मोबाईल खिशात ठेवला. दुकानात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. माझ्या डोळ्यांसमोर आजोबा आले, आमच्या पडवीत बसून विळ्याला धार लावणारे. त्यांच्याकडे कानस होती. दोन होत्या. मीच लहानपणी त्यांच्याशी खेळलोय.

इथे मला मॅडमचं वाक्य आठवलं आणि मी भिंग परत मागून घेतलं. बाकीच्या शिक्क्यांतला एक शिक्का, मुकुट आणि बी, रिंगच्या डाव्या अंगाला होता, दस्त्याच्या लाकडाच्या जरासा आत, आणि तो बरोबर त्या घासलेल्या सपाट पट्ट्यावर होता. मुकुटाची टोकं तीक्ष्ण. शिक्का मारल्यावर धातू कडेने किंचित वर येतो, ती वरंबी शाबूत. कानशीचे बारीक ओरखडे शिक्क्यापर्यंत येत होते, त्याच्या खड्ड्यात तुटत होते आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होते. घासणं नंतर झालं असतं तर मुकुट अर्धा झिजला असता, वरंबी गेली असती. म्हणजे आधी घासलं आणि मग शिक्का मारला. आणि शिक्का मारला १९२७ मध्ये.

आजोबांचा जन्म १९३२ चा.

मी हे एका दमात बोललो आणि चाचांकडे बघितलं. त्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “कॉलेजमध्ये काहीतरी शिकवतात म्हणजे.”

मग चहा आला आणि बाकीची कथा चाचांनी सांगितली. काही मी पुढे वाचून पडताळली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत लष्करी रायफलींचा ढीग पडून होता. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने त्यांचं सैन्य एक लाखावर आलं, इतक्या हत्यारांचं करायचं काय? कारागिरांनी त्यातली यंत्रणा उचलली, लष्करी खुणा घासून साफ केल्या, नवी नळी आणि नवा दस्ता बसवून शिकारी रायफली केल्या. थुरिंगिया प्रांतात झूल नावाचं गाव आहे (बैलाच्या झुलीशी संबंध नाही), तिथे पिढ्यान्पिढ्या हाच धंदा. एक घर नळ्या करणार, दुसरं दस्ते, तिसरं नक्षीकाम. आपल्याकडे पेणला एक जण साचे काढतो, एक रंग देतो, एक डोळे लिहितो, तसं. अशी रायफल पुष्कळदा बिननावाचीच बाहेर पडायची, कारण नाव घालायचा मान दुकानदाराचा. ज्याने मागवली त्याने आपलं नाव कोरून घ्यावं. आमच्या रायफलीवर ते कुणी कोरलंच नाही. पेणच्या मूर्तीवर तरी कारागिराचं नाव कुठे असतं?

बोल्टच्या बारीकसारीक भागांवर चाचांनी दोन-दोन आकडे दाखवले. जुन्या लष्करी नंबराचे शेवटचे दोन आकडे, कानस पोचली नाही म्हणून राहिलेले. म्हणजे आमच्या घरातल्या कोनाड्यात, गोधड्यांच्या मागे जी उभी असायची ती त्याआधी जर्मन सैन्याची रायफल होती. युरोपातल्या कुठल्या तरी खंदकात ती कुणाच्या खांद्याला लागली असेल. आजोबांना हे कळलं असतं तर ते काय म्हणाले असते? बहुधा काही नाही. ते तसे कमीच बोलायचे.

१९२७ पासून १९५६ पर्यंतचा प्रवास मात्र जर्मनीच्या शिक्क्यांत नव्हता. तो आजीकडे होता, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा. आम्ही सगळे नवाबाची गोष्ट सांगण्यात दंग. त्या रात्री घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “नवाब कसला? मुंबईचे शेठ यायचे. म्हातारे झाले, डोळ्यांनी दिसंना. यांना म्हनाले, घेतोस काय? यांनी तीन मोसम हाक्याची मजुरी घेतली नाय, आनि तरी कमी पडलं ते माझ्या पुतळ्यांतनं. चार पुतळ्या गेल्या. अलिबागला जाऊन कागद केला, मी बरोबर व्हते. येताना बोटीत मला उलटी झाली.”

“मग हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं तुमाला ठाव हाय.”

मग ट्रंक उघडली. त्यात कागद होता, १९५६ चा, घडीवर विरलेला. शेठचं नाव वाळवीने खाल्लेलं, पण सरकारी शिक्का आणि ‘९.३ एमएम’ शाबूत. म्हणजे चोरी नव्हती, तीन मोसमांची मजुरी आणि चार पुतळ्या होत्या. मला खरं सांगायचं तर राग आला, आधी आजीचा, मग स्वतःचा. लायब्ररीत बसून बर्लिनपर्यंत जाऊन आलो, आणि ट्रंक माझ्या खाटेखाली होती. पण हेही खरं की त्या कागदावर रायफलीचा नंबर नव्हता. नुसत्या कागदाने ती हीच रायफल असं ठरलं नसतं, आणि नुसत्या शिक्क्यांनी ती आमची ठरली नसती.

काकांनी आता ठरवलंय की नंबराची नोंद एकदा नीट झाली की ती दुकानदारालाच देऊन टाकायची. खूण सापडल्यामुळे आता तसं करता येईल, आधी तेही करता येत नव्हतं. आमच्या घरात ती पुन्हा येणार नाही. मला थोडं वाईट वाटतं, पण माझं मत कुणी विचारलेलं नाही, आणि गोधड्यांमागचा तो कोनाडा वहिनींनी भरूनही टाकलाय.

दसऱ्याला घरी गेलो होतो. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते. आजोबा दर वर्षी न चुकता ती बघायला जायचे. बंदुका वर गेल्या की ते पोलिसांकडे नाही, बंदुकांकडे बघायचे. या वेळी काका आणि मी गेलो. परत आलो तर आजी पडवीत बसली होती, मांडीवर चाचांच्या टिपणाची झेरॉक्स. समोरच्या ओटीवर नेहमीची मंडळी जमलेली होती.

“वाच,” म्हणाली.

“अगं, इंग्रजीत आहे.”

“इंग्रजीतच वाच. मोठ्यानं वाच. आनि नंबर मराठीत सांग.”